नोकरी गेल्यावर नवं काम कसं निवडावं: घर चालवणाऱ्या गोवेकरांसाठी

कामावरून कमी केलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात भरपूर सल्ले मिळतात आणि ते बहुतेक अशा लोकांकडून येतात, ज्यांच्या घरात पगार अजून चालू आहे. 'आवडीचं काम शोध.' 'भरपाई मिळालीय ना, मग गाडी घे आणि भाड्याला लाव.' घरात शाळेत जाणारी दोन मुलं, औषधांवर असलेली आई आणि घरकर्जाचा हप्ता असताना यातल्या एकाही सल्ल्याने महिना निघत नाही.

मी डिचोली तालुक्यातला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा खाणीच्या वर्कशॉपमधलं माझं काम गेलं. पुढे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, काही वर्षांनी तेही युनिट बंद झालं. आता हॉटेलांचे डीप फ्रीझर आणि कोल्ड रूम दुरुस्त करतो. आमच्या भागात कुणाला कमी केलं की तो कागद घेऊन माझ्याकडे येतो. त्यांच्याबरोबर बसून जे करतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

सही करण्याआधी

एचआरच्या खोलीत समोर ठेवलेल्या कागदांत बऱ्याचदा एक तुमच्या राजीनाम्याचा असतो. 'राजीनामा दिला की रेकॉर्ड चांगलं राहतं' असं समजावलं जातं. लगेच सही करू नका. राजीनामा दिलेल्या माणसाला कपातीची भरपाई मागता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत कामगार म्हणून बसणाऱ्या आणि किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या माणसाला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षं भरली असतील तर शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्या, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणा. हे आकडे स्वतः काढा. राजीनाम्याच्या बदल्यात कंपनी याहून मोठी रक्कम देत असेल तर ती लेखी मागा, दोन्ही आकडे शेजारी मांडा आणि मग ठरवा. अडलं तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा घेऊन जा.

पीएफला हात लावू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि सहा-सात वर्षं झालेली माणसं सगळं काढून घेऊन ती वर्षं पुसून टाकतात. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी ईएसआयच्या कार्यालयात करा. बेकारीच्या काळात ९० दिवसांपर्यंत सरासरी मिळकतीच्या निम्मी रक्कम देणारी ही योजना आहे आणि तिचा लाभ आयुष्यात एकदाच मिळतो. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते त्याच आठवड्यात तपासा.

घरी सांगणं

त्याच संध्याकाळी सांगा, मुलांनाही. डबा घेऊन रोज घराबाहेर पडणारी आणि दिवसभर बसस्टँडवर बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरचा खर्च पहिल्यासारखाच चालू राहिला, कारण तो कमी करायचा आहे हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

महिने मोजा

कपात झाल्यावर हातात आलेली सगळी रक्कम आणि लगेच काढता येणारी बचत यांची बेरीज करा. घराचा कमीत कमी महिन्याचा खर्च काढा: किराणा, वीज, हप्ता, शाळा, औषधं. बेरजेला खर्चाने भागलं की महिने मिळतात. मुलीच्या नावावरची ठेव आणि घरातलं सोनं या बेरजेत धरू नका. चतुर्थीचा खर्च मात्र धरा, तो टळत नाही.

बँकेत पहिला हप्ता चुकायच्या आधी जा. ९० दिवस थकलेलं खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं आणि त्यानंतर बोलायला फारसं काही उरत नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल तर जामीन राहिलेल्या माणसाला तुम्हीच आधी सांगा. त्याला नोटिशीतून कळू देऊ नका.

तीन महिन्यांहून कमी निघाले तर पुढचा भाग नंतर वाचा. आधी मिळेल ते पगाराचं काम घ्या, कमी पगाराचं असलं तरी. मात्र आठवड्यातले काही तास मोकळे राहतील असं पाहा. पुढचं काम शोधायला तेच तास लागणार आहेत.

काम निवडणं

सगळ्यांत जास्त काळ मी इथे अडकलो होतो. खाण बंद झाल्यावर समोर पर्याय कमी नव्हते. कुणी म्हणे टॅक्सी घे, कुणी म्हणे कळंगुटला खोल्या चालवायला घे, मेव्हण्याचं म्हणणं भाड्याच्या दुचाक्या ठेव. मी प्रत्येकाचा हिशेब वहीत मांडायचो. प्रत्येकाचा आकडा चांगला दिसायचा आणि रात्री ठरवलेलं सकाळी पुसलं जायचं. एके दिवशी बायको वही बघत होती. तिने एवढंच विचारलं, "यातलं जुलैत काय चालतं?" तेव्हा लक्षात आलं की मला जो तो नाताळच्या आठवड्याची कमाई सांगत होता.

गोव्यात नवं काम निवडताना जुलैपासून सुरुवात करा, हे माझं ठाम मत आहे आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. जूनपर्यंत किनाऱ्यावरचे शॅक उतरलेले असतात, चार्टर विमानं थांबलेली असतात, जलक्रीडा बंद असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. टॅक्सी, खोल्या, दुचाक्या, किनाऱ्यावरची दुकानं या सगळ्यांची मिळकत एकाच वेळी खाली येते. खर्च मात्र तेवढाच राहतो आणि पुढे चतुर्थी उभी असते. हंगामी धंदा वाईट असतो असं मी म्हणत नाही. घरात दुसरा बारमाही पगार असेल, किंवा मागच्या हंगामाची शिल्लक हाताशी असेल, तर तो उत्तम चालतो. नुकत्याच नोकरी गेलेल्या माणसाकडे या दोन्ही गोष्टी नसतात. त्याला पहिला पावसाळा भरपाईच्या पैशांवर काढावा लागतो आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत ते पैसे संपलेले असतात.

म्हणून प्रत्येक पर्यायापुढे फक्त जुलैचं उत्पन्न लिहा. ते घराच्या किमान खर्चाच्या निम्म्याहून कमी भरत असेल तर तो पर्याय आजच्या घडीला खोडा. पुढे दिवस सुधारले की पुन्हा काढा.

असं केलं की यादी छोटी होते, पण काही अनपेक्षित नावं तिच्यात शिल्लक राहतात. हॉटेलांची मोठी दुरुस्ती, रंगकाम, एसीची आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रांची सर्व्हिसिंग हंगाम नसताना होते, म्हणजे पर्यटनावरच जगणारं पण पावसाळ्यात भरणारं काम इथे आहे. वीज जायला लागली की इन्व्हर्टर आणि जनरेटरवाल्यांना उसंत नसते. आयकर विवरणपत्रांची घाई जुलैतच असते, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येणाऱ्या स्टोअरकीपरने याचा विचार करावा. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या कारखान्यांचं, हॉस्पिटलांचं, डेअरीचं काम बाराही महिने चालतं.

आता स्वतःकडे बघा. हुद्दा लिहू नका, हातून होणारी कामं लिहा. 'सीनिअर ऑपरेटर' या शब्दांवरून कारखान्याबाहेरच्या माणसाला काहीच कळत नाही. 'पॅकिंग लाइन अडली की वीस मिनिटांत सुरू करतो, लॉगबुक ऑडिटला चालेल असं लिहितो' हे कुणालाही कळतं. औषध कारखान्यात कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका बाईंनी अशी यादी केली, तेव्हा दिसलं की तापमानाच्या नोंदी, स्वच्छतेच्या नोंदी, मालाच्या तारखा हे सगळं मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात अन्नसुरक्षेच्या नियमांसाठी लागतं. त्यांना तिथे काम मिळालं. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र, वायरमनचा परवाना, अवजड वाहनाचं लायसन्स असेल तर ते यादीत सगळ्यांत वर लिहा. असा कागद असलेली माणसं कमी असतात आणि तो कारखान्याबरोबर बंद होत नाही.

यादीत दोन-तीन पर्याय उरले की तेच काम करणाऱ्यांना भेटा. ज्याचं बरं चाललंय त्याला भेटाच, पण ज्याने ते काम सोडलं त्याला जरूर भेटा. तो शोधायला वेळ लागतो, तरी शोधा. 'धंदा कसा आहे?' असं विचारू नका, उत्तर 'बरा आहे' एवढंच मिळतं. 'गेल्या जुलैत घरखर्च कुठून केलास?' आणि 'बिल दिल्यावर पैसे किती दिवसांनी हातात येतात?' हे दोन प्रश्न विचारा. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. हॉटेलं बऱ्याचदा उधारीवर काम करून घेतात आणि दोन महिने पैसे अडकले तर कागदावरचा नफा घरात येत नाही.

मग काही आठवडे त्या माणसाच्या हाताखाली काम करा, रोजंदारीवर किंवा नुसतं शिकायला, आणि जमेल तर पावसाळ्यात. यात कमीपणा मानू नका. चाळिशी उलटल्यावर पंचविशीतल्या पोराकडून शिकणं जड जातं हे मला ठाऊक आहे. पण गुडघ्यांना, पाठीला, डोळ्यांना हे काम झेपतं का, गिऱ्हाइकाशी बोलताना जीभ अडते का, हे वहीत कळत नाही. या काळात पैसा गुंतवू नका. अवजारंही उसनी घ्या.

चार गोष्टींबद्दल आधीच बजावून ठेवतो. भरपाईच्या पैशांनी गाडी घेऊ नका. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कर्जाने घेतलेले टिपर दारात उभे राहिले आणि हप्ते चालूच राहिले. आज तेच टॅक्सीच्या बाबतीत व्हायला वेळ लागणार नाही. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून टॅक्सी घ्यायचा सल्ला जो तो देतो. सरकारी नोकरीचे अर्ज जरूर भरा, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू ठेवा, पण त्या आशेवर बसून राहू नका. 'इतके लाख दे, तुझं काम करतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशा व्यवहारांत बुडालेल्या लोकांच्या तक्रारी २०२४ मध्ये गोव्यात पोलिसांपर्यंत गेल्या. जहाजावर जायचं असेल तर एजंटकडे डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना आहे का ते पाहा आणि भरतीसाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या खासगी कोर्सची फी भरण्याआधी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये चौकशी करा. डिचोली, होंडा, म्हापसा, फर्मागुडी, मडगाव, सगळीकडे आहेत.

तारीख ठरवा

मोजलेल्या महिन्यांतले शेवटचे दोन बाजूला ठेवा. उरलेल्यांच्या शेवटच्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि घरच्यांसमोर करा. त्या दिवसापर्यंत निवडलेल्या कामातून घरखर्चाचा ठरावीक वाटा येत नसेल तर पगाराची नोकरी घ्यायची आणि हे काम रविवारी चालू ठेवायचं. वाटा किती, हे जोडीदाराने ठरवावं. तुम्ही ठरवलात तर तारीख जवळ आली की तो कमी करत जाल.

पैसा आणि नोंदणी

काम जमतंय अशी खात्री पटल्यावरच कर्जाकडे वळा. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) या योजनेचं पहिलं अनुदान नव्या उद्योगाला मिळतं. आधी दुकान थाटून मग अर्ज केला तर तो फेटाळला जातो, म्हणून अर्ज पहिला करा. सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला प्रकल्पाच्या १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. फक्त अवजारांपुरते पैसे हवे असतील तर मुद्रा कर्ज पुरतं, त्यात ५० हजारांपर्यंतचा शिशू गट आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. आधार आणि पॅन घेऊन स्वतः बसा, एजंटला त्याचे पैसे देऊ नका.