म्हाताऱ्या माणसाला घरी सांभाळायचंय? आधी रात्रीची वाट बघा

मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आणि आई-वडील खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घरात. सीमाभागात हे चित्र घरोघरी आहे. तयारीला सुरुवात होते ती बहुधा कुणी पडल्यावर. ती हातपाय चालतायत तोवर करावी आणि त्यांना विचारून करावी. न विचारता खाट हलवलीत तर दुसऱ्या दिवशी ती परत जुन्या जागी गेलेली दिसेल.

पहिलं काम: खाटेपासून संडासापर्यंत

रात्री दिवा न लावता ही वाट स्वतः चालून बघा. उंबरा, दुमडलेलं पायपुसणं, न्हाणीतली ओली शहाबादी फरशी, सगळं पायाला कळेल. जुन्या घरांत संडास परड्यात असतो, दोन पायऱ्या उतरून. खानापूरच्या पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. अशा घरी रात्रीपुरती कमोड खुर्ची खाटेशेजारी ठेवा. "मला एवढं काय झालंय?" हा प्रश्न येणारच, म्हणून "पावसाळ्यापुरती" म्हणून आणा. दिवाळीनंतर ती परत न्या, असं सहसा कुणी म्हणत नाही.

संडासात आणि न्हाणीत धरायला दांडी हवीच, पण टॉवेल वाळत घालायची नव्हे. ती माणसाच्या वजनानं उपटून येते. भिंत मातीची असेल तर स्क्रू धरणार नाही. गवंड्याला सांगून जमिनीत लोखंडी पाइप रोवून घ्या. पलंगावर बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. उंच पलंगाचे पाय सुतार अर्ध्या तासात कापून देतो. वीज जाते तेव्हासाठी चार्जिंगची बॅटरी उशाशी असू द्या.

मग औषधं

घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे आणि दुकानातून परस्पर आणलेली दुखण्याची औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ओता. कुठली चालू ठेवायची, कुठली बंद, हे त्यांनाच ठरवू द्या. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येऊ शकते. म्हणून आधी उठून बसायचं, थोडं थांबायचं, मगच पाय टाकायचा, ही सवय लावा. उरलेल्या औषधांची यादी इंग्रजीत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. मिरजेच्या डॉक्टरला कन्नड चिठ्ठी वाचता येईलच असं नाही.

कुठल्या दवाखान्यात जायचं?

हे आधीच ठरवा. बेळगाव-खानापूरकरांना बेळगावातलं सरकारी बिम्स किंवा खासगी केएलई रुग्णालय जवळ, निपाणीकरांना कोल्हापूर, अथणी-कागवाडकरांना मिरज. मात्र सीमा ओलांडली की कार्डाचा प्रश्न येतो. तुमचं आयुष्मान कार्ड तिथं चालेल का, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनांची कामं बघणाऱ्या माणसाला) आत्ताच विचारून ठेवा. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमागावांना लागू करायचा निर्णय घेतला. तुमचं गाव त्यात असेल तर लागणारे कागदही विचारा. 108 सोबत एका खासगी अॅम्ब्युलन्सचा नंबर भिंतीवर लिहा.

कागद

खरा घोळ इथं आहे. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, पहाणी उताऱ्यावर (कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर) तिसरं. मराठी आडनाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना अक्षरं बदलतात, आणि नेमकं गरजेच्या वेळी काउंटरवरचा माणूस त्यावर बोट ठेवतो. म्हातारं माणूस नाडकचेरीपर्यंत (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीपर्यंत) येऊ शकतंय तोवर हे दुरुस्त करा. त्याच फेरीत कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेचंही विचारा: 65 वर्षांवरच्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना दरमहा 1,200 रुपये मिळतात. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

कुलमुखत्यारपत्रावर सगळी मदार ठेवू नका. देणाऱ्याची समज गेली की कायद्यानं ते संपतं. बँकेचं खातं आधीच जोडनावावर करणं बरं. आणि "सांभाळतोय ना, मग घर माझ्या नावावर करा" असं कुणी म्हणत असेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा त्याला ऐकवा. सांभाळण्याची अट घालून दिलेलं बक्षीसपत्र, ती अट मोडली तर, न्यायाधिकरण रद्द करू शकतं. अट मात्र पत्रात लिहून घ्या.

जेवणखाण

फार नवं करू नका. दात नसतील तर दुधात भिजवलेली भाकरी, मऊ भात, नाचणीची आंबील. जेवण बसूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डायबेटिस असेल तर भेटायला येणाऱ्यांना कुंदा आणू नका म्हणून फोनवरच सांगा. वाईटपणा घ्यावा लागतो. माणूस अंथरुणाला खिळलं असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात.

शेवटी पाळ्या

बहुतेक घरांत ठराव न होताच सगळं सुनेवर पडतं. कुणी किती पैसे द्यायचे आणि कुणी कुठल्या रात्री जागायचं, हे कागदावर मांडा. पगारी बाई ठेवणार असाल तर आजीची भाषा तिला येते का बघा. विसराळूपण वाढलं की बरेचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन फुकट आहे. आणि गणपतीला गावी येणाऱ्या भावंडांना पाहुण्यासारखं बसवून मोदक वाढू नका. ते असेपर्यंत रात्रीची पाळी त्यांची.