ग्राम्फू ते कुंझुम: नाल्यात गाडी घालण्याआधी

हिमाचलमधल्या स्पीतीला मनालीकडून जाणार असाल तर आधी एक ऐका, पहाटे पाचला निघा. २०२० ला अटल टनेल सुरू झाला आणि रोहतांग चढायची दगदग गेली, पण ग्राम्फूचा फाटा सोडला की बातलपर्यंतचे जेमतेम ५० किलोमीटर चार-पाच तास खातात, आणि उशीर केलात तर रस्त्यावरून वाहणारे नाले वाढतात. वर हिमनद्या आहेत, ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याच्या वर जातं. टाकी मनालीतच फुल करा, पुढचा पंप थेट स्पीतीतल्या काझाला.

दगडगोटे सुरू झाले की टायरची हवा कमी करा, मी ३२ पीएसआयची २६ वर आणतो, पकड लगेच जाणवते आणि पाठीचे हालही कमी होतात. फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकायचा तो अडकायच्या आधी, गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलला घेऊन. मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नका, खाली डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) लटकतंय, त्यापेक्षा सरळ चाक दगडावर चढवा.

आता नाला. गाडीत बसून अंदाज करू नका, खाली उतरा, काठी घेऊन पाण्यात जा, थंडीने पाय बधिर होतात तरी जा. जिथे पाणी खळखळतंय तिथे बहुतेक उथळ असतं, गुळगुळीत शांत दिसतं तिथे खड्डा. मग फर्स्ट गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. मी याच वाटेवरच्या छत्रूच्या पुढे एका नाल्यात घाबरून मधेच क्लच दाबला, गाडी तिथेच थांबली, प्रवाहाने मागचं चाक सरकायला लागलं आणि पोटात गोळा आला, एका ट्रकवाल्या भाऊंनी दोर लावून ओढलं म्हणून वाचलो. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका प्लीज, एअर इनटेकमधून पाणी आत गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

बातलच्या ढाब्यावर दाल-चावल खाताना समोरून आलेल्या ड्रायव्हरना पुढचा रस्ता विचारा, तेवढी ताजी माहिती कुठेच मिळत नाही. नंतर कुंझुम खिंडीचा चढ, साडेचार हजार मीटरच्या वर, हवा विरळ म्हणून इंजिन दमतं, गिअर खालचाच ठेवा, आणि अरुंद वळणावर तुम्ही उतरत असाल तर चढणाऱ्याला वाट द्या.

वर कुंझुम देवीच्या मंदिराला गाडीनेच फेरी घालतात, तुम्हीही घाला, आणि पलीकडे लोसर गावाकडे उतरताना खालच्या गिअरमधेच राहा, ब्रेकवर सतत पाय नको.