पेडल खाली जातंय म्हणून लगेच हवा काढायला बसू नका

ब्रेकच्या कामाला नव्याने लागलेल्या पोरांचे पहिले महिने बहुधा एकाच फेऱ्यात जातात. पेडल खाली जातंय, काढ ब्रेकच्या तेलातली हवा. तरी जातंय, परत काढ. अर्धा लिटर ब्रेक ऑईल वाया जातं, पाय भरून येतात, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि पेडल जिथल्या तिथे. आपल्याला हे जमणारच नाही असं तेव्हा वाटतं. तसं काही नाही. पेडल खाली जाण्याची कारणं वेगवेगळी असतात, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही एवढंच.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. पाच-सहा वेळा पेडल मारून बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपवा. इंजिन सुरू होताना पेडल थोडं खाली सरकतं तो बूस्टरचा जोर असतो. त्यालाच गळती समजून चांगला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने तेल ढकलणारा पंप, उतरवला जातो. आता पाय एकसारखा दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू बसत गेलं आणि चाकांशी किंवा पाइपांवर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचं सील आतून तेल सोडतंय. पेडल रबरी चेंडूसारखं दबत असेल तर हवा. पहिल्या दाबात खोल, पण लगेच दुसऱ्या दाबात वर येऊन टणक होत असेल, तर बहुतेक वेळा मागच्या ड्रम आणि त्याला आतून घासणाऱ्या शूमधला गॅप वाढलेला असतो.

सगळे अडकतात ते इथेच. हँडब्रेक चार-पाच दाते ओढा आणि पेडल दाबा. पहिल्याच दाबात वर लागलं, तर गॅप नक्की. हँडब्रेकने शू ड्रमला भिडवले, म्हणून ते अंतर तेलाला भरावं लागलं नाही. हे दिसलं की मोह होतो, केबलच ताणून टाकू, पेडल आलंच वर! हे करू नका. घाईत नाही, गिऱ्हाईकाने सांगितलं तरी नाही. केबल ताणलेली राहिली की शूवरचा लिव्हर आपल्या जागेवर परत टेकत नाही, आणि तो टेकला नाही की गॅप आपोआप कमी करणारा ऑटो ॲडजस्टर काम करत नाही. शूवरचं लायनर झिजत जातं, गॅप वाढत जातो, पेडल पुन्हा खाली. मधल्या काळात शू घासून ड्रम तापतो तो वेगळाच.

आधी केबल ढिली करा. ड्रम काढून धूळ ओल्या फडक्याने पुसा, हवा मारू नका, ती छातीत जाते. ॲडजस्टर मोकळा फिरतो का बघा. शेतरस्त्यांवरच्या गाड्यांत फुफाटा आणि पावसाळ्यातला चिखल बसून तो जाम होतो. दातेरी चाकाचा ॲडजस्टर असेल तर डावा-उजवा बदलू देऊ नका. त्यांचे आटे उलटे असतात, अदलाबदल झाली की गॅप कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. ड्रम बसवल्यावर चाक हाताने फिरवा. हलकी खसखस ऐकू यावी, चाक अडू नये. पेडल दहा-बारा वेळा दाबून शू मध्यावर आणा. केबल सगळ्यांत शेवटी.

उस्ताद निवडताना एवढंच बघा, तो ‘अजून पंप मार’ म्हणतो की चाक खोलून दाखवतो. दुसरा कितीही तापट असला तरी त्याच्याकडेच टिका.

खरोखर हवाच असेल तर काम सोपं आहे. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे साधारण मागचं डावं. तिरप्या सर्किटच्या (पुढचं एक चाक आणि तिरकं समोरचं मागचं चाक एकाच लाइनवर) किंवा एबीएसच्या गाडीला मात्र कंपनीच्या पुस्तकातलाच क्रम. चाकाशी हवा सोडायचं निपल असतं, त्यावर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. दाबा, धरा, निपल पाव आटा सोडा, बंद करा, मगच पाय उचला. जुन्या गाडीत पेडल तळाला नेऊ नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पिस्टन रोज जात नाही त्या भागात गंज असतो, तिथे सील फाटतं. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) बदलल्यावर हवा संपतच नसेल तर निपल बघा. डावा-उजवा उलटा बसला की निपल खाली येतं आणि वरची हवा तिथेच राहते.

तेल दर दोन वर्षांनी बदला. डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑईलचे दर्जे. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण 3.7 टक्के पाणी शोषलं की तीच मर्यादा 155 वर येते. डॉट 3 ची 205 वरून 140. कन्नडकडून चाळीसगावला घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर असं तेल कॅलिपरमध्ये उकळतं, वाफ होते आणि पेडल तळाला जातं. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा ठीक, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. अशा वेळी आधी तेलाचं वय विचारा. ब्रेक ऑईलच्या टाकीत इंजिन ऑईल पडलं किंवा सील डिझेलने धुतलं, तर रबर फुगतं. मग नुसतं तेल बदलून भागत नाही, सगळी सीलं आणि होज बदलावे लागतात.

गाडी देण्याआधी मोकळ्या सपाट रस्त्यावर 20 च्या वेगाने तीन-चारदा थांबवा, मग चारही निपलना कोरडा कागद लावून ओल बघा.