क्रूझवर ‘पैसे वसूल’ करायला निघालात? मग या चुका टाळा

गोव्यात वास्कोला माझं क्रूझ बुकिंगचं लहानसं दुकान आहे. सीझनमध्ये मुंबईचं जहाज मुरगाव बंदरात लागलं की सकाळी नऊ-दहापासून गळ्यात कार्ड लटकवलेली कुटुंबं बाजारात दिसायला लागतात. त्यातला ड्रिंक पॅकेज (आधी एकरकमी पैसे भरा, मग हवं तितकं प्या) घेतलेला बाप्या मी लांबूनच ओळखतो. तो सारखा घड्याळ बघत असतो. बायको काजू निवडतेय, मुलं आइस्क्रीम मागतायत आणि याचा जीव जहाजावरच्या बारमध्ये अडकलेला. पैसे भरलेत ना! वसूल नको व्हायला?

त्याच त्या चुका निस्तरून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. क्रमाला काही अर्थ नाही. ज्या चुकीनं माझं डोकं जास्त उठतं तिच्यावर जास्त लिहिलंय, इतकंच.

नक्की कुठली क्रूझ, तेच माहीत नसणं

गोव्यात ‘क्रूझ’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी निघतात. पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून संध्याकाळी मांडवीत तासभर फिरवून आणणारी बोट ही पहिली. वर गाणी, देखणी, फुगडी, कोरिदिन्यो असे नाच, सगळं छान. पण त्या साध्या तिकिटात जेवण नसतं, खायचं-प्यायचं ते काउंटरवर विकत. दुसरी मांडवीतच नांगरलेली कॅसिनोची जहाजं. तिथं प्रवेशाच्या पॅकेजात बुफे आणि ठरावीक दारू धरलेली असते, पण २१ वर्षांखालच्यांना खेळाच्या मजल्यावर पाय ठेवता येत नाही. आणि तिसरी, जिच्यावर तुम्ही रात्री झोपता ती. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन कॅसिनोच्या पॅकेजची चौकशी करणारे आणि मांडवीच्या बोटीवर ताट कधी वाढणार म्हणून वाट बघत बसणारे, दोन्ही प्रकार माझ्या दुकानात दर महिन्याला येतात. पुढचं सगळं तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

ड्रिंक पॅकेज: दिवस मोजता, तास मोजत नाही

ही माझी आवडती चूक. म्हणजे नावडती.

‘अनलिमिटेड’ हा शब्द दिसला की आपल्या माणसाची आकडेमोड बंद पडते. मुंबई-गोवा-मुंबई या फेरीत जाहिरातीत ‘दोन रात्री, तीन दिवस’ लिहिलेलं असतं. आता हे तीन दिवस सोलून बघा. पहिल्या दिवशी जहाज संध्याकाळी सुटतं, त्याआधी चेक-इनची रांग आणि लाइफ जॅकेटची कवायत. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा, तुम्ही दिवसभर बाहेर. संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, नाश्ता झाला की बॅगा उचला. म्हणजे तीन दिवसांत बारसमोर बसायला मिळतात दोन संध्याकाळी. फार तर दहा-बारा तास.

माझा ठाण्याचा आतेभाऊ, आमचा दादा, हिशेबाचा पक्का माणूस. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडेल. पण मला न विचारता त्यानं पॅकेज घेतलं. माणशी रात्रीला २,४०० रुपये. एका केबिनमधल्या दोन्ही मोठ्या माणसांनी घ्यायचंच असा नियम होता (बऱ्याच जहाजांवर असतो, नाहीतर एकाच्या कार्डावर दोघं पितील), म्हणून वहिनीचंही. वहिनी लिंबू सरबताच्या पुढे कधी गेलेली नाही. दोघांचे दोन रात्रींचे ९,६००, वर १८ टक्के सेवाशुल्क १,७२८. झाले ११,३२८.

गोव्याच्या दिवशी त्यांना दुपारी घरी जेवायला बोलावलं होतं. बायकोनं सकाळी बाजारात जाऊन सुंगटं (कोळंबी) आणली, हुमण (नारळाच्या वाटणाचं कालवण) केलं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं केलं, सोलकढी काढली. दादा आला तो डोकं धरूनच. म्हटलं, काय झालं? तर पहाटे उठून डेकवर सूर्योदय बघितला, बार उघडल्या उघडल्या जाऊन बसला आणि उतरायच्या आधी तीन बिअर रिचवल्या. ‘‘अरे, दिवस वाया गेला असता ना!’’ बंदरातून येताना टॅक्सीत मळमळलं. हुमणाच्या वासानंच उठून बाहेर जाऊन बसला. शेवटी बायकोनं ताकभात कालवून दिला आणि वर म्हणाली, ‘‘भाऊजी, हेपण अनलिमिटेड आहे, वसूल नाही करणार?’’ वहिनी मात्र दोनदा हुमण घेऊन जेवली.

मुंबईला पोचल्यावर मी फोनवर त्याच्याकडून यादी काढून घेतली. एकूण सात बिअर, वहिनीची तीन मॉकटेल. जहाजावर बिअर ४०० ची, मॉकटेल ३०० चं. सुटं घेतलं असतं तर ३,७००, सेवाशुल्क धरून ४,३६६. म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये दादानं डोकेदुखीसाठी मोजले. हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘पण टेन्शन नव्हतं रे.’’ बरं.

तेव्हा माझी पद्धत सांगतो. पॅकेजच्या एका दिवसाच्या रकमेला तुम्ही खरोखर जे पिता त्याच्या एका ग्लासच्या किमतीनं भागा. २,४०० भागिले ४०० म्हणजे सहा. रोज माणशी सहा बिअर, घेणारे तुम्ही आणि सोबत वहिनीसुद्धा. जमणार असेल तर खुशाल घ्या. चार-पाच रात्रींची सफर आहे, मधे पूर्ण दिवस समुद्रात आहे आणि दोघंही घेणारे आहेत, अशा वेळी पॅकेज परवडतं, मी स्वतः लोकांना घ्यायला लावलंय. आगाऊ घेतलं तर थोडं स्वस्त मिळतं हेही खरं. पण दोन रात्रींच्या फेरीला मी पहिल्या संध्याकाळी सुटंच घेतो, रात्री कार्डावरचा आकडा बघतो आणि मग ठरवतो. आजवर दुसऱ्या दिवशी पॅकेज घ्यावंसं वाटलेलं नाही.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. ग्लासमागे किमतीची मर्यादा किती (महागडी व्हिस्की बहुधा बाहेर असते), बाटलीबंद पाणी आणि मशीनची कॉफी धरली आहे का, केबिनमधला मिनीबार वेगळा का, आणि वयाची अट काय. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. गोव्यात १८ व्या वर्षी दारू घेता येते, महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ लागतात. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर गोव्याचा हिशेब धरून विशीतल्या पुतण्याचं पॅकेज काढू नका.

मुलांच्या सोड्याच्या पॅकेजबद्दल एकच ओळ: बुफेत सरबत, पाणी, चहा बहुतेक ठिकाणी तिकिटातच असतं, आणि मूल दिवसाला पाच कोला पिणार असेल तर प्रश्न पॅकेजचा नाही.

गोव्यात उतरून जहाजावर जेवायला परत जाणं

‘‘जहाजावर जेवण फुकट आहे’’ हे वाक्य ऐकलं की मी हातातलं पेन खाली ठेवतो. फुकट कुठलं? भरलेत तुम्ही पैसे. आणि ते जेवलात तरी गेले, न जेवलात तरी गेले.

गेल्या डिसेंबरात पुण्याचं सातजणांचं कुटुंब आलं होतं. आजी-आजोबांपासून नातवापर्यंत. दोन टॅक्सी करून सकाळी पणजी आणि जुनं गोवं बघितलं. बंदरापासून पणजी तीसएक किलोमीटर. साडेबाराला सगळे तिथून उलटे फिरले, का, तर एक वाजता बुफे. जेवले, तासभर लोळले आणि मग लक्षात आलं की मंगेशी राहिलं. म्हणून माझ्याकडे आले, परत दोन टॅक्सी. गोव्यात टॅक्सी स्वस्त नाही, हे सांगायची गरज नाही. त्या दुसऱ्या फेरीच्या पैशात सातही जणांना पणजीत पोटभर थाळी मिळाली असती आणि वर प्रत्येकाला सेरादुरा (बिस्किटांच्या चुऱ्याचं गोड पुडिंग).

गोव्याच्या दिवशी बाहेर जेवा. साधं, गर्दीचं, स्थानिक माणसं जेवतायत असं हॉटेल बघा. थाळीत उकड्या तांदळाचा भात, हुमण, एखादी भाजी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), रव्यात तळलेला बांगडा किंवा मोरी (लहान शार्क मासा), सोलकढी. फक्त वार बघा: सोमवारी आमच्याकडे बरीच हिंदू घरं मासे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी तुमची शाकाहारी आजी जास्त सुखी असेल. मार्च-एप्रिलमध्ये आलात आणि घेणारे असाल तर एखाद्या तावेर्नात (छोट्या गावठी बारमध्ये) उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) मागा. काजूच्या हंगामात दोन-तीन महिनेच मिळतं. लिंबू सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. कुठल्याच पॅकेजमध्ये ते बसत नाही आणि जहाजावरच्या एका बिअरच्या पैशात दोघांचं होतं. फेणी बारमाही आहे. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण पहिल्यांदाच घेत असाल तर घोटभरच, संध्याकाळी जहाजाची शिडी चढायचीय.

आणि बाटली घेऊन चढू नका. बॅग तपासतात, बाटली ठेवून घेतात, उतरताना परत देतात. एका काकांनी पाण्याच्या बाटलीत फेणी भरून नेली होती. फेणीचा वास काय लपतो? मशीनपर्यंत जायची वेळसुद्धा आली नाही. घरी न्यायचीच असेल तर महाराष्ट्रात नेण्याच्या परवान्याचं दुकानातच विचारा.

याच्या उलट चूक म्हणजे बाहेर रमणं. जहाजावर परतायची वेळ ठरलेली असते, ती सुटायची वेळ नव्हे, त्याच्या बरीच आधीची. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कोंडी कमी झाली, पण संध्याकाळी वेर्ण्यापासून वास्कोपर्यंत काय होईल सांगता येत नाही. आमच्या नेहमीच्या टॅक्सीवाल्याचं ठरलेलं वाक्य आहे: ‘‘पात्रांव, बोट तुमची वाट पळोवपाची ना.’’ (मालक, बोट तुमची वाट बघणार नाही.) लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मी पणजीचा हट्टच सोडायला सांगतो. बोगमाळो जवळ आहे, समुद्र आहे, जेवण आहे, झालं.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्या दुपारी जहाजावर चढल्या चढल्या बुफेवर तुटून पडणं. सगळेच तुटून पडतात, त्यामुळे रांग मुंबईच्या लग्नासारखी. अर्धा तास डेकवर फिरून या, पदार्थ तेच असतात.

रात्रीच्या जेवणाची वेळ बुकिंगच्या वेळी न बघणं. मुख्य डायनिंगला बहुधा दोन पाळ्या असतात. आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर पहिली पाळी मागून घ्या. दुसऱ्या पाळीला सूप येईपर्यंत नातू टेबलावर झोपतो.

जैन, उपवासाचं किंवा बिनलसणाचं जेवण ‘तिथं सांगू’ म्हणणं. बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला तोंडी सांगा. दोन्ही करा. नुसतं लिहून दिलेलं कागदात राहतं. आमच्या एका गिऱ्हाईक काकू एकादशीला दोन्ही वेळा पपई खाऊन राहिल्या, कारण साबुदाण्यासाठी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं.

जास्तीचे पैसे देऊन जायचं खास रेस्टॉरंट. कुटुंबातल्या सगळ्यांना न्यायची काहीच गरज नाही. मुलांना बुफेतला पिझ्झाच हवा असतो. आजीला मुलांसोबत बसवा, दोघंच जा. आजीलाही ते हवंच असतं.

तिकिटाचा मोठ्या अक्षरातला आकडा म्हणजे खर्च समजणं. बंदर शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी खाली बारीक अक्षरात असतात. मी गिऱ्हाइकाला शेवटचा आकडाच आधी सांगतो. निम्मे उठून जातात. जाऊ देत.

पहिल्या रात्री लाटा असताना मलईदार ग्रेव्ही आणि वर दोन पेग. अहो, थांबा जरा. आधी वरणभात खा, बोट कशी डोलतेय बघा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

घरून डब्यात चकल्या-लाडू. उघडं, घरचं अन्न आत घेऊ देतीलच असं नाही. बाळाचं खाणं आणि सीलबंद पाकिटं सहसा चालतात, तरी आधी विचारा.

चेक-इनला डेबिट कार्ड देणं. ठेव म्हणून रक्कम अडकवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. पगाराच्या खात्याचं कार्ड असेल तर महिनाअखेरीला बोंब. क्रेडिट कार्ड द्या नाहीतर रोख ठेव भरा.

बिल सकाळी बघणं

शेवटच्या रात्री बिल केबिनच्या दारातून आत सरकवतात किंवा टीव्हीवर, ॲपवर दिसतं. बहुतेकजण ते सकाळी बॅगा भरताना बघतात आणि मग खाली काउंटरवर शंभर माणसांच्या मागे उभे राहतात. जहाजावर खरेदीला रोख चालत नाही, सगळं गळ्यातल्या कार्डावर चढतं, त्यामुळे मुलांनी कुठं कार्ड टेकवलं ते तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही. मी रोज रात्री जेवणानंतर काउंटरवर जाऊन आकडा विचारतो आणि मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घेतो. न घेतलेली वस्तू बिलात दिसली तर शेवटच्या रात्रीच, गर्दी नसताना, शांतपणे सांगा. मिनीबारच्या किरकोळ वस्तू सहसा वाद न घालता वजा करतात. आमच्या एका गिऱ्हाइकानं अशीच खारवलेल्या काजूंची दोन पाकिटं बिलातून काढून घेतली. रिकामी पाकिटं घरी गेल्यावर मुलाच्या बुटात सापडली.