पहिला वॉटरकूल्ड पीसी बांधलाय, आता ही टेंपरेचर वाचायची कशी?

पंप सुरू झाला, गळती नाही, नळ्यांतून पाणी मस्त फिरतंय, आणि मग कौतुकाने सिनेबेंच (सीपीयूला पूर्ण ताण देणारी चाचणी) लावलं तर सीपीयू दोन सेकंदांत ८५ वर. एवढे पैसे घालून हेच का, असं वाटतंच. मलाही वाटलं होतं. मे महिना, पार्ल्याचं घर, एसी दुसऱ्या खोलीत, आणि मी घाबरून तडक लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला, अजून एक रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत टाकणारी जाळी) आणला, अख्खा लूप (पाणी फिरतं तो नळ्यांचा बंद मार्ग) रिकामा करून तो बसवला आणि सीपीयू उतरला जेमतेम दोन डिग्री. चूक भलतीकडेच होती, ती पुढे येईलच.

मुद्दा असा की नुसत्या सीपीयूच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. तीन आकडे लागतात: खोलीतली हवा, लूपमधलं पाणी आणि चिप. उष्णता चिपमधून पाण्यात जाते, पाण्यातून हवेत, म्हणजे मध्ये दोन टप्पे, आणि कुठल्या टप्प्यावर गाडी अडकलीय ते वजाबाकी केल्याशिवाय दिसत नाही.

आधी हवा मोजा. मोबाइलवरचं वेदर ॲप नको, त्याला तुमच्या टेबलाखालची हवा काय माहीत. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि पंखे जिथून हवा आत ओढतात तिथे ठेवा. कॅबिनेट भिंत आणि कपाटाच्या बेचक्यात कोंबलेलं असेल तर मागून निघालेली गरम हवाच फिरून पुढून आत जाते, खोलीत ३१ असताना तिथे ३५ दिसू शकतं. मुंबईच्या खोल्यांमध्ये हे फार होतं, जागाच कुठे असते.

मग पाणी. बऱ्याच जणांकडे हा सेन्सरच नसतो आणि खरी गोम तिथेच आहे. बुचासारखा, दोन वायरींचा सेन्सर मिळतो, तो रेडिएटरच्या किंवा रिझर्व्हॉयरच्या (पाण्याच्या टाकीच्या) रिकाम्या पोर्टात बसवायचा आणि वायर मदरबोर्डच्या दोन पिनांच्या टेंपरेचर हेडरला लावायची. हेडर सगळ्या बोर्डांवर नसतो, मग फॅन कंट्रोलर घ्यावा लागतो. सेन्सर लूपमध्ये कुठे बसवायचा यावर डोकेफोड नको. मिनिटाला १ लिटर एवढा मंद प्रवाह असला तरी ३०० वॉट उष्णता घेऊन पाणी जेमतेम ४ डिग्री तापतं, ४ लिटर असेल तर १ डिग्री. त्यामुळे आधी सीपीयू की आधी ग्राफिक्स कार्ड, दोघांच्या मध्ये रेडिएटर हवा का, हे वाद फुकटचे. फक्त पंपाला पाणी रिझर्व्हॉयरमधून मिळालं पाहिजे, तो कोरडा फिरता कामा नये.

चिपचा आकडा एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतो, ग्राफिक्स कार्डाचे मात्र कोअर (चिपचं एकूण तापमान) आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा, दिसत असेल तर) असे दोन्ही आकडे लिहून घ्या.

आता लोड लावा, म्हणजे सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डाला पूर्ण कामाला जुंपा, आणि थांबा. पाच मिनिटं नाही, निदान अर्धा तास. गॅसवर पातेलं ठेवलं की बूड लगेच तापतं पण पाण्याला वेळ लागतो ना, तसंच. चिप नखाएवढी, ती सेकंदात उडी मारते. लूपमध्ये समजा १ लिटर पाणी आहे आणि ४०० वॉट उष्णता येतेय, तर रेडिएटरने काहीच बाहेर टाकलं नाही असं धरलं तरी ते मिनिटाला सहा डिग्रीहून कमीच चढेल, आणि पाणी जसं तापतं तसा रेडिएटर जास्त उष्णता फेकायला लागतो, त्यामुळे चढण मंद होत होत एका जागी थांबते. तो थांबलेला आकडा खरा. पाचव्या मिनिटाचा स्क्रीनशॉट मित्रांना पाठवून शेखी मिरवू नका.

मग वजाबाकी. समजा हवा ३२, पाणी ४२, सीपीयू ८२.

पाणी वजा हवा, १० डिग्री. हे छान. पंखे हळू ठेवले असतील तर १५ पण चालतं. २० च्या पुढे गेलं तर रेडिएटर आणि हवेची बाजू तपासा: एखादा पंखा उलटा लागलाय का, फिल्टरमध्ये धूळ बसलीय का, एका रेडिएटरची गरम हवा दुसऱ्याला मिळतेय का. सोपी परीक्षा म्हणजे साइड पॅनल काढून वीस मिनिटं चालवा, पाणी चार-पाच डिग्री उतरलं तर कॅबिनेटच घुसमटतंय.

सीपीयू वजा पाणी, ४० डिग्री. हे ऐकून पोटात गोळा येतो, पण एवढ्याशा चिपमधून २०० वॉट निघत असतील तर हे नॉर्मल आहे. ग्राफिक्स कार्डाची चिप मोठी आणि ब्लॉक (ज्यातून पाणी जातं तो धातूचा ठोकळा) थेट तिच्यावर बसतो, म्हणून तिथे कोअर पाण्यापेक्षा १०-१५ नेच वर असतो. हॉटस्पॉट कोअरपेक्षा २५-३० ने वर पळत असेल तर पेस्ट (चिप आणि ब्लॉकमधला उष्णता नेणारा लेप) किंवा ब्लॉक नीट बसलेला नाही.

माझं नेमकं हेच झालं होतं, फक्त सीपीयूवर. पाणी हवेपेक्षा ९ ने वर, म्हणजे रेडिएटर भरपूर होते, आणि सीपीयू पाण्यापेक्षा ५२ ने वर. ब्लॉक उघडला तर एका बाजूला पेस्टचा जाड थर, कारण मी स्क्रू एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेलो होतो. तिरकस, समोरासमोर, थोडे थोडे आवळले आणि १२-१३ डिग्री तिथल्या तिथे गेले. नवीन रेडिएटर आता शोभेला आहे म्हणा.

घाबरायचं कधी? रायझन ७००० मालिकेच्या बऱ्याच चिपांची मर्यादा ९५ आहे आणि पूर्ण लोडवर त्या तिथपर्यंत जाणं डिझाइनमध्येच धरलंय, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत १००. त्यापेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवा. डी५ या नेहमीच्या वॉटरकूलिंग पंपाला साधारण ६० डिग्रीपर्यंतचं पाणी चालतं, आणि पीईटीजीच्या (कडक प्लास्टिकच्या) नळ्या त्याच सुमाराला नरम पडायला लागतात. मी ४८ च्या वर जाऊ देत नाही.

पंख्यांचा वेग सीपीयूला नाही, पाण्याला जोडा. सीपीयूला जोडला तर ब्राउझर उघडला तरी पंखे घरघरतात. पण मुंबईत त्यातही गंमत आहे, ३५ ला हळू आणि ४२ ला फुल असं जानेवारीत ठरवलंत तर मे मध्ये पंखे सारखे बोंबलत राहतील, खोलीच ३३ आहे, पाणी करणार काय. म्हणून दोन प्रोफाइल करा.

आणि हो, पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल का, हे सगळे विचारतात. नाही. साध्या रेडिएटरने पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होतच नाही, ती भीती चिलर (फ्रिजसारखं पाणी गार करणारं यंत्र) लावणाऱ्यांना.

माझ्या साइड पॅनलच्या आत एक कागद चिकटवलाय, त्यावर हवा, पाणी, सीपीयू या क्रमाने आकडे. जानेवारी: २४, ३३, ७१. मे: ३३, ४३, ८१. सीपीयू वजा पाणी दोन्ही वेळेला ३८, म्हणजे पेस्ट अजून शाबूत आहे.