पॉलिशकामात नवे असाल तर आधी खाली वाका

सावंतवाडीत एका मिस्त्रीच्या हाताखाली पॉलिशकाम शिकायला लागलो, तेव्हा पहिले चार महिने ब्रश हाती आलाच नाही. नुसता पॉलिश पेपर. 120 नंबर, मग 180, मग 220, आणि तोही लाकडाच्या रेषेनेच. आडवं घासलं तर कोऱ्या लाकडावर काही दिसत नाही. पहिला हात बसला की सगळे ओरखडे वर येतात.

स्वतः घेतलेलं पहिलं काम मालवणातल्या एका होमस्टेचं. बाथरूममध्ये बेसिनखाली सागाची फळी. पीयूचे (म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर पारदर्शक थर देणारं पॉलिश) तीन हात मारले, वरून आरसा! गणपती झाल्यावर फोन आला, नळाच्या भोकाभोवती काळं पडलंय, फळीही वाकलीय. मिस्त्रीला घेऊन गेलो. त्याने वरून बघितलंच नाही, खाली हात घालून फिरवला. "खालसून कोरीच ठेवलंस मरे!"

वरची बाजू बंद आणि खालची उघडी असली की दमट हवा खालूनच शिरते, तेवढीच बाजू फुगते आणि फळी वाकते. फळीची कापलेली टोकं आणि नळाची भोकं तर पाणी अक्षरशः पितात. आता मी पहिला पातळ हात तिथेच देतो, पिणं थांबेपर्यंत. फटी बुजवायचं सिलिकॉन त्यानंतर.

लाखेचं पॉलिश देखणं, पण ओट्याला नको. गरम टोप ठेवला की डाग उठतो. पावसात तर ते मारूच नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, ते स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि दुधासारखं पांढरं येतं.

जिथे विळी-सुरी चालते तिथे पीयूपेक्षा खाण्याचं जवसाचं तेल बरं. पातळ हात, जास्तीचं पुसून काढायचं, मग चांगलं सुकू द्यायचं. घरात आयतं असतं म्हणून खोबरेल लावू नका, ते सुकतच नाही, खवट मात्र होतं. आणि जवसाचं तेल लागलेले कापडाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा.

हळद, कोकमाचं आगळ सांडलं तर लगेच पुसायला गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. पीयूवर पाण्याचा थेंब गोल न राहता पसरायला लागला की 320 ने हलकं घासून एक हात द्यायचा.

आता दर सांगताना दोन्ही बाजूंचे चौरस फूट मोजतो. "खालचं कोण बघतंय?" असं कुणी म्हटलंच तर मालवणच्या त्या फळीचा काळा तुकडा पिशवीत असतो, तो हातात देतो.