१९५१ ची नोंदवही, फेरफार आणि रामकुंडावरची वही: नाशिक जिल्ह्यात जुन्या कागदांवरून नातं कसं शोधावं

पणजोबांचं नाव ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे. पण पलीकडच्या आळीतली त्याच आडनावाची माणसं आपली भाऊबंद की नुसती आडनावबंधू, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. असा प्रश्न पडला की बहुतेकांना पहिल्यांदा जनगणना आठवते. इंग्रजांनी १८७२ मध्ये माणसं मोजली, पुढे १८८१ पासून दर दहा वर्षांनी मोजली, तेव्हा त्या कागदांत आपलं घर असणारच, असं वाटतं.

घर होतं, पण तो कागद मिळत नाही. घरोघर भरलेली पत्रकं तक्ते तयार होईपर्यंतच कामाची होती. जुन्या जनगणनांचे जे जाडजूड खंड आज वाचायला मिळतात त्यांत आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांना १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आडवं येतं. ती कुणालाही पाहायला मिळत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी ही पत्रकं खुली होतात, म्हणून परदेशी संकेतस्थळांवर पणजोबांच्या घराचं पान दिसतं. ती सोय इथे नाही, त्यासाठी पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

इथे नातं शोधायचं ते तीन-चार वेगवेगळ्या कागदांवरून. नाव जुळलं म्हणजे नातं जुळलं असं धरायचं नाही. नातं सांगणारा शब्द कागदावर हवा, आणि तोच दुवा वेगळ्या हाताने, वेगळ्या कारणासाठी लिहिलेल्या दुसऱ्या कागदातही सापडायला हवा.

आधी गाव आणि तालुका पक्का करा

कागद गावाच्या नावाने लावलेले असतात, आडनावाने नव्हे. त्यामुळे ‘आमचे मूळचे कळवणकडचे’ एवढ्यावर काही सापडत नाही. मौजे कोणतं, ते लागतं. आजचा तालुका त्या काळी होता का, तेही पाहा. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके १९९९ मध्ये झाले. त्र्यंबकजवळच्या गावांचे जुने कागद नाशिक तालुक्याच्या नावाने असतात, देवळ्याकडच्या गावांसाठी आधी कळवण पाहावं लागतं. सुरगाणा हे १९४८ पर्यंत संस्थान होतं, तिथले त्याआधीचे कागद इंग्रजी मुलखातल्या नमुन्यांत असतीलच असं धरू नका.

जनगणनेचे छापील खंड उपयोगी पडतात ते इथेच. १९५१ पासून निघालेल्या नाशिक जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार घरं आणि लोकसंख्या आहे. ती जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. गावात तेव्हा पन्नास घरं होती की पाचशे, हे आधी पाहून ठेवा. पन्नास घरांच्या गावात एकाच नावाचे आणि एकाच बापाचे दोन खातेदार दिसले तर तो बहुधा एकच माणूस असतो. येवला किंवा सिन्नरसारख्या कसब्याच्या गावी तसं म्हणता येत नाही.

१९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही मागा

नावानिशी जनगणनेच्या सर्वांत जवळ जाणारा कागद हाच. १९५१ च्या जनगणनेत गोळा झालेली माहिती उतरवून गावोगावच्या नोंदवह्या तयार केल्या होत्या. त्यांत घर क्रमांकाच्या क्रमाने माणसांची नावं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि उपजीविका अशी माहिती असते. प्रत्येक गावाची वही टिकलेली नाही. जिथे टिकली तिथे ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधायची.

नकलेच्या अर्जात ‘जुनी जनगणना’ असं लिहू नका, ‘ती मिळत नाही’ एवढंच उत्तर येईल. ‘मौजे अमुक, ता. अमुक, जि. नाशिक येथील सन १९५१ चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर पाहणे व नक्कल मिळणे’ असं लिहा. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत तपासायच्या महसुली कागदांच्या यादीत हे रजिस्टर होतं. त्यामुळे अभिलेख कक्षात त्याचं नाव आता अनोळखी नाही.

वही हाती आली की फक्त आपल्या घराची ओळ उतरवून उठू नका. मागची दहा आणि पुढची दहा घरं उतरवा. जनगणनेत घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. वाडा एकच असला, पण भावांच्या चुली वेगळ्या झाल्या असल्या, तर ती लगतची दोन कुटुंबं म्हणून लागतात. शेजारच्या दोन ओळींत वडिलांचं नाव एकच असेल तर सख्खे भाऊ असण्याची शक्यता मोठी असते. मात्र ही अजून शक्यताच आहे, पुरावा नव्हे. विधवा आई ज्याच्या घरात लिहिलेली असेल त्या घराकडे विशेष लक्ष द्या. तिच्या नवऱ्याचं नाव म्हणजे आधीच्या पिढीतलं नाव.

वयावर फार विसंबू नका. ३०, ३५, ४०, ५० अशी गोळाबेरीज वयं सांगायची रीत होती, त्यामुळे जन्मसाल काढताना पुढेमागे पाच वर्षं सोडावी लागतात. दोन भावांची वयं सारखीच लिहिलेली असली तर ते जुळेच असतील असं नाही, बहुधा सांगणाऱ्याने अंदाज केलेला असतो.

फेरफार: नातं स्पष्ट शब्दांत इथे असतं

घराण्याची कधी काळी जमीन असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे बऱ्याच गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपासून फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, सापडतात. खातेदार वारला की त्याचे वारस कोण ते गावासमोर विचारून लिहिलं जाई आणि कुणाची हरकत असली तर तीही नोंदली जाई. शेतीचा वाटा जाणार असल्याने भाऊबंद गप्प बसत नसत, म्हणून ही नोंद इतर कागदांपेक्षा भरवशाची.

आजचा सातबारा काढा. त्यात ‘जुने फेरफार क्र.’ अशी एक चौकट असते आणि तिच्यात कंसांत आकडे असतात. ते सगळे आकडे उतरवा आणि त्या क्रमांकांचे फेरफार काढा. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून स्कॅन केलेली जुनी पानं शोधता येतात. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. प्रत्येक फेरफारात आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं, त्याच्यावरून आणखी मागचा फेरफार. असं करत वर चढायचं.

वाट बहुतेकदा अडते ती एकत्रीकरणाशी. १९४७ च्या कायद्याखाली तुकडे जोडून सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजचा गट नंबर सांगून त्याआधीचे कागद सापडत नाहीत. एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून मिळवा. कोणत्या सर्व्हे नंबरातून कोणता गट झाला ते त्यात असतं.

नोंद वाचताना हे शब्द हमखास भेटतात:

- बिन, वलद: अमुकचा मुलगा. ‘कोंडाजी बिन रामजी’ म्हणजे रामजीचा मुलगा कोंडाजी.
- कोम, भ्रतार: अमुकची बायको किंवा विधवा.
- अ.पा.क.: अज्ञान पालनकर्ता. वारस लहान होता आणि त्याच्या वतीने कुणाचं तरी नाव लागलं. पालनकर्ता आई, चुलता किंवा मामाही असू शकतो, त्याला बाप समजू नका.
- ए.कु.मॅ.: एकत्र कुटुंब मॅनेजर.

या शेवटच्या तीन अक्षरांमुळे कित्येक वंशावळींतून धाकटे भाऊ गळाले आहेत. चार भाऊ एकत्र असले तरी खात्याला नाव फक्त थोरल्याचं लागे. सातबारावर नाव नाही म्हणून तो भाऊ नव्हताच, असं ठरवू नका. पुढचा वाटपाचा फेरफार किंवा ए.कु.मॅ. शेरा कमी केल्याचा फेरफार शोधा, सगळे भाऊ तिथे एकदम बाहेर येतात.

मुलींचं तसंच. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्याआधीच्या वारस नोंदींत मुलगे असताना मुलींची नावं सहसा नसतात, त्यामुळे आत्या आणि आतेघराणी त्या कागदांत दिसत नाहीत. १९५६ नंतर वारलेल्या खातेदाराच्या नोंदीत मुली सासरच्या नावाने, पुष्कळदा सासरच्या गावासकट येतात आणि पाठोपाठ बऱ्याचदा हक्कसोडीचा, म्हणजे त्यांनी आपला वाटा सोडून दिल्याचा, फेरफार असतो. हक्कसोडीचा हेतू काहीही असो, घराण्याच्या लेकी कुठे दिल्या हे सांगणारा याच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

सन वाचताना घोळ होतो. शके असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९०. फसली १३३० म्हणजे १९२०-२१. साल दोन इसवी सनांवर पसरतं, म्हणून एक वर्ष पुढेमागे चालवून घ्या.

जमीन नसेल तर, आणि असली तरीही

गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, बोलीत कोतवाल बुक. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू होण्याआधीची गावची नोंद यात आहे. यात एक अडचण ठरलेली. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नका, पणजोबांच्या नावाने शोधा आणि त्यांच्या सगळ्या मुलांच्या तारखा एका कागदावर मांडा. कोणती तारीख कुणाची ते शाळेच्या जनरल रजिस्टरवरून ठरतं. शाळेतल्या १ जून या जन्मतारखेला मात्र काही अर्थ नाही. पट भरताना गुरुजींनी ती अर्ध्या गावाला वाटलेली असते.

घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, पाहावी. मतदारयाद्याही जमल्यास पाहाव्यात, पण त्यांत नवी माहिती क्वचित मिळते.

रामकुंडावरची वही

नाशिककरांच्या हाताशी असलेला, पण सरकारी नसलेला हा कागद. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला किंवा सिंहस्थात आलेल्या माणसाने आपलं, बापाचं, आजोबाचं, भावांचं आणि मुलांचं नाव त्यात लिहून ठेवलेलं असतं, पुष्कळदा स्वतःच्या हाताने. सातबाऱ्यावर कधीच न आलेला भाऊ इथे सापडतो, कारण इथे वाटा मागायचा नसतो.

जाताना मूळ गाव, आडनाव, जात आणि शक्य तितकी जुनी नावं लिहून न्या. यजमान गावावर आणि जातीवर वाटलेले असतात, म्हणून पंचवटीत विचारायचं ते ‘आमच्या गावचे उपाध्ये कोण’. सध्याचं राहण्याचं गाव सांगितलंत तर भलत्याच घरी पाठवणी होईल. श्रावणात, पितृपक्षात आणि पर्वणीच्या दिवसांत जाऊ नका, वही उघडायला कुणाला सवड नसते. फोटो विचारूनच काढा, दक्षिणा द्या आणि आपल्या आजच्या पिढीची नावं लिहून या. लेखाची तिथी आणि कोण कुणासाठी आलं होतं हेही उतरवा. मुलगा बापाच्या अस्थी घेऊन आला असेल तर मृत्यूचा काळ त्याच नोंदीत मिळाला.

जुळवणी

एका नोंदीला एक कागद करा. त्यावर नोंद जशीच्या तशी, अशुद्ध असली तरी तशीच, आणि खाली कार्यालय, वही, पान, क्रमांक. आपला तर्क त्याच कागदावर लिहू नका. वंशवृक्ष शेवटी काढा. आधी काढला की माणूस कागद त्यात बसवायला लागतो.

सर्वांत मोठा सापळा नावांचा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने रामजी कोंडाजी, कोंडाजी रामजी, पुन्हा रामजी कोंडाजी अशी साखळी चालते. दोन रामजी एक झाले की दोन पिढ्या नाहीशा होतात. वर्षं मांडून पाहा. बाप आणि लेक यांत पंधराहून कमी किंवा साठहून जास्त वर्षं निघाली तर काहीतरी चुकलं आहे. बायकांचं नाव लग्नात बदललेलं असतं, म्हणून माहेरच्या नोंदीतली चंद्रभागा सासरी सरस्वती असू शकते. तिथे बापाचं आणि गावाचं नाव धरून चाला. एकाच माणसाचे दोन बाप निघाले तर खोटेपणा समजण्याआधी दत्तकपत्र शोधा. नोंदणी झालेलं असेल तर ते दुय्यम निबंधक कार्यालयात असतं.

जुनी पानं मोडीत असतील तर वाचकाला सुटी ओळ देऊ नका, पूर्ण पान द्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, त्यामुळे त्याच हाताची इतर अक्षरं पाहिल्याशिवाय नाव पक्कं लागत नाही. घराण्यातली तुम्हाला ठाऊक असलेली नावं आधी सांगू नका. सांगितली की अंधुक अक्षरांत तीच दिसू लागतात. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवायला सांगा आणि बाळबोध (देवनागरी) प्रतीसोबत मूळ पानाची छायाप्रत टाचून ठेवा.